मायटोकॉन्ड्रियाच्या पटलातली चरबी: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या लेखात मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलाविषयी लिहिताना मी म्हटलं होतं की तिथली प्रथिनं किती काम करणार, हे ती कोणत्या चरबीत बसली आहेत यावर ठरतं. त्यावर सांगली-साताऱ्याकडून बरेच प्रश्न आले. काही अभ्यासातले, काही दवाखान्याच्या फायलीतले, एक तर थेट द्राक्षबागेतला. ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं, आणि त्यांना दोन पटलं असतात. आतल्या पटलात श्वसनाची प्रथिनं बसलेली असतात. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन ती हातोहात पुढे देतात, त्या बळावर प्रोटॉन पटलापलीकडे ढकलतात, आणि परत आत येणाऱ्या प्रोटॉनच्या जोरावर एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, तयार होतं. या पटलातल्या फॉस्फोलिपिडांपैकी (लिपिड म्हणजे चरबी, त्यातली ही फॉस्फेट असलेली) साधारण १५ ते २० टक्के वाटा कार्डिओलिपिन नावाच्या रेणूचा असतो. आजच्या बहुतेक उत्तरांत तोच भेटेल.

सातारा, एम.एस्सी.ची विद्यार्थिनी: मॅडम, आम्हाला सिंगर-निकोलसनचं मॉडेल शिकवलं, त्यात प्रथिनं लिपिडांत मोकळी तरंगतात. मग शोधनिबंधांत "हे लिपिड या प्रथिनाला घट्ट बांधलेलं आहे" असं वाचलं की गोंधळ उडतो. दोन्ही खरं कसं?

१९७२ चं ते मॉडेल चुकीचं नाही, अपुरं आहे. आणि तू ज्या पटलाचा अभ्यास करते आहेस त्याला तर ते फारच सैल बसतं. आतल्या पटलाच्या वजनात जवळपास तीन-चतुर्थांश प्रथिनंच असतात. एवढ्या गर्दीत तरंगायला जागा कुठली? प्रथिनाच्या अंगाला लागून असलेली बहुतेक लिपिडं येती-जाती असतात, सेकंदाला लाखो वेळा जागा बदलतात. पण काही मोजकी लिपिडं प्रथिनाच्या खाचेत अशी रुतून बसतात की प्रथिन शुद्ध करताना डिटर्जंटने धुतलं तरी सुटत नाहीत.

एडीपी-एटीपी वाहकाचं उदाहरण घे. तयार एटीपी बाहेर सोडायचं आणि रिकामं एडीपी आत घ्यायचं, एवढंच त्याचं काम. १९८५ मध्ये बायर आणि क्लिंगेनबर्ग यांनी गाईच्या हृदयातून काढलेल्या या प्रथिनावर फॉस्फरसचं एनएमआर केलं आणि त्याला कार्डिओलिपिन घट्ट चिकटलेलं आढळलं. पुढे २००३ मध्ये स्फटिकावरून त्याची रचना मिळाली, तेव्हा ते कार्डिओलिपिन नेमकं कुठे बसतं तेही दिसलं. हे प्रथिन तीन सारख्या भागांचं असतं, आणि त्या भागांच्या सांध्यांवर मिळून तीन कार्डिओलिपिन बसतात. वाहक आत-बाहेर उघडमीट करतो तेव्हा हेच भाग एकमेकांवर सरकतात. म्हणजे चरबी बसली आहे ती नेमकी हलत्या सांध्यांवर.

आता कार्डिओलिपिनच का? साध्या फॉस्फोलिपिडाला एक फॉस्फेट आणि दोन शेपट्या. कार्डिओलिपिन म्हणजे असे दोन रेणू एका ग्लिसरॉलने जोडलेले, एका जुवाखाली जुंपलेल्या बैलजोडीसारखे: दोन फॉस्फेट, चार शेपट्या. प्रथिनाच्या धन प्रभाराच्या जागांवर दोन्ही फॉस्फेट पकडले जातात. एकाची पकड ढिली झाली तरी दुसरा धरून असतो. श्वसनाची प्रथिनं मोठ्या गटांत बसतात, त्यांना क्रमांकाने कॉम्प्लेक्स म्हणतात. सायटोक्रोम ऑक्सिडेज, म्हणजे चौथ्या कॉम्प्लेक्समधून कार्डिओलिपिन काढून टाकलं तर त्याचं काम साधारण निम्म्यावर येतं, परत घातलं की भरून निघतं. यीस्टमध्ये कार्डिओलिपिन बनवणारं जनुकच काढून टाकलं तेव्हा तिसऱ्या आणि चौथ्या कॉम्प्लेक्सची जुळणी ढासळते, हे २००२ मध्ये दाखवलं गेलं. इथे एक गोष्ट विसरू नकोस: ते यीस्ट मरत नाही. अशक्त होतं, तापमान वाढवलं की वाढ खुंटते, पण जगतं. "कार्डिओलिपिनशिवाय जीवन नाही" असं परीक्षेत लिहिलंस तर गुण जातील, आणि जावेतही.

शोधनिबंध वाचताना आधी पद्धतीचा भाग उघड आणि डिटर्जंट कोणतं वापरलं ते बघ. डिजिटोनिन मवाळ असतं, कॉम्प्लेक्सांच्या जुळण्या टिकवतं. डोडेसिल माल्टोसाइडमध्ये त्याच जुळण्या बऱ्याचदा सुटतात. ट्रायटन एक्स-१०० आणखी कडक. "या प्रथिनाला लिपिड लागत नाही" किंवा "या प्रथिनात दमच नाही" असं छापलेल्या जुन्या निष्कर्षांपैकी काही तर धुलाईचे निष्कर्ष आहेत. हल्लीच्या क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाने (या पद्धतीला २०१७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं) प्रथिनाभोवतीची लिपिडं थेट दिसतात. तरी चित्रात लांबुळकी सावली दिसली म्हणून ती लिपिडाचीच असेल असं नाही. डिटर्जंटची शेपटीही तशीच दिसते.

कराड, फार्मसीचा विद्यार्थी: सायटोक्रोम सी इलेक्ट्रॉन वाहून नेतं आणि पेशीला मरायलाही लावतं. एकच प्रथिन दोन टोकांची कामं कसं करतं?

त्याचा निर्णय बऱ्याच अंशी कार्डिओलिपिनच्या हातात असतो. सायटोक्रोम सी लहान आणि धन प्रभाराचं प्रथिन आहे, म्हणून ऋण प्रभाराच्या कार्डिओलिपिनजवळ ते पटलाच्या बाहेरच्या अंगाला रेंगाळतं. ही पकड हलकी असते तोवर ते तिसऱ्या कॉम्प्लेक्सकडून इलेक्ट्रॉन घेऊन चौथ्याला देत राहतं. पकड घट्ट झाली की त्याची घडी सैल होते, हीमला (आतल्या लोहाच्या भागाला) धरून असलेलं मेथिओनिन हे अमिनो आम्ल सुटतं आणि हे प्रथिन पेरॉक्सिडेजसारखं, म्हणजे ऑक्सिडेशन करणाऱ्या एन्झाइमसारखं, वागायला लागतं. मग ते ज्याला धरून बसलं आहे त्या कार्डिओलिपिनचंच ऑक्सिडेशन करतं. केगन आणि सहकाऱ्यांनी हे २००५ मध्ये मांडलं. ऑक्सिडेशन झालेलं कार्डिओलिपिन त्याला नीट धरू शकत नाही. बाहेरच्या पटलाला भोकं पडली की सायटोक्रोम सी पेशीद्रवात उतरतं आणि पेशीला मारणाऱ्या कॅस्पेझ एन्झाइमांची साखळी सुरू होते. त्याचं हे दुसरं रूप १९९६ मध्ये शियाओडोंग वांग यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं, तेव्हा अनेकांना ते पटलं नव्हतं. इतकं सभ्य प्रथिन असं करेल, हे कुणाच्या गावी नव्हतं.

मिरज, एक ताई: माझे दोन गर्भपात झाले. डॉक्टरांनी अँटीकार्डिओलिपिन अँटिबॉडीची तपासणी केली, ती पॉझिटिव्ह आली. माझ्या हृदयाला काही झालं आहे का? आणि बारा आठवड्यांनी पुन्हा तपासा म्हणतात, ते कशाला?

ताई, या रिपोर्टवरून हृदयाबद्दल काहीच म्हणता येत नाही. मेरी पँगबॉर्न यांनी १९४२ मध्ये हा रेणू गाईबैलांच्या हृदयातून वेगळा केला, म्हणून नावात हृदय आलं. तुमच्या रक्तात सापडलेल्या अँटिबॉडी बहुतेक वेळा नुसत्या चरबीला ओळखतही नाहीत. रक्तात बीटा-२-ग्लायकोप्रोटीन-१ नावाचं प्रथिन असतं. ते कार्डिओलिपिनसारख्या ऋण प्रभाराच्या लिपिडावर बसलं की आपला आकार बदलतं, आणि अँटिबॉडी त्या बदललेल्या आकाराला धरतात. १९९० च्या सुमारास हे लक्षात आलं, तोवर सगळे लिपिडाकडेच बोट दाखवत होते. अशा अँटिबॉडींमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याकडे कल वाढतो आणि वारेचं कामही बिघडू शकतं.

बारा आठवड्यांचं कारण साधं आहे. एखाद्या संसर्गानंतर या अँटिबॉडी थोड्या दिवसांसाठी येतात आणि निघून जातात. दोन्ही वेळा ठळक पॉझिटिव्ह आल्या तरच अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम म्हणायचं. तसं ठरलं तर पुढच्या गरोदरपणात कमी मात्रेची ॲस्पिरिन आणि हेपॅरिनची इंजेक्शनं देतात, आणि त्या उपचारात बहुतेक जणींची बाळंतपणं नीट होतात. औषधं मात्र डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय सुरू करू नका.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगून ठेवते. गरोदरपणात व्हीडीआरएल ही गुप्तरोगाची तपासणी सरसकट होते, आणि तिच्या द्रावणात कार्डिओलिपिनच असतं. त्यामुळे तुमच्यासारख्या बाईची व्हीडीआरएल विनाकारण पॉझिटिव्ह येऊ शकते. तसं झालं तर घरात कुणी काही बोलायच्या आत टीपीएचए ही खात्रीची तपासणी करून घ्या. तो रिपोर्ट येईपर्यंत नवऱ्यावर आणि बायकोवर संशयाचे डोंगर रचणारी माणसं मी पाहिली आहेत.

तासगाव तालुका, द्राक्ष बागायतदार: ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्यात पाऊस झाला आणि डाऊनी (केवडा रोग) आली. अझॉक्सिस्ट्रोबिन मारलं, फरक नाही. दुकानदाराने फॅमोक्साडोन-सायमोक्सॅनिलचं मिश्रण दिलं, तेही जेमतेम. औषध बनावट आहे का? की हेही तुमच्या मायटोकॉन्ड्रियावरच चालतं?

अगदी तिथेच चालतं, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे. बनावट मालाची शक्यता मी इथे बसून नाकारू शकत नाही, पण खरा माल असला तरी हेच झालं असतं.

आतल्या पटलाच्या चरबीत युबिक्विनोन नावाचा छोटा, तेलात विरघळणारा रेणू फिरत असतो. इलेक्ट्रॉन घेऊन (तेव्हा त्याला युबिक्विनॉल म्हणतात) तो तिसऱ्या कॉम्प्लेक्सपाशी येतो आणि सायटोक्रोम बी या प्रथिनातल्या एका खोबणीत शिरतो. ही खोबण पाण्याकडे उघडत नाही, ती चरबीच्या बाजूला उघडते. म्हणजे तिथे पोहोचायचं तर चरबीतून पोहत जावं लागतं. अझॉक्सिस्ट्रोबिन, क्रेसॉक्सिम-मिथाइल, पायराक्लोस्ट्रोबिन, ट्रायफ्लॉक्सिस्ट्रोबिन ही सगळी मंडळी तेच करतात: चरबीत मिसळतात, त्याच वाटेने आत जातात आणि युबिक्विनॉलची जागा अडवून बसतात. बुरशीचं श्वसन थांबतं.

त्या खोबणीच्या तोंडाशी १४३ व्या क्रमांकावर ग्लायसिन हे सर्वांत छोटं अमिनो आम्ल असतं. तिथे ॲलानिन आलं, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन एवढाच फुगवटा वाढला, की औषध आत बसत नाही. युबिक्विनॉल मात्र आरामात बसतं. बुरशीचं काहीच अडत नाही. हा एका अक्षराचा बदल जगभरच्या द्राक्षबागांत डाऊनीमध्ये सापडला आहे. यातली पहिली औषधं १९९६ मध्ये बाजारात आली आणि दोनच वर्षांत, १९९८ मध्ये, जर्मनीत गव्हाच्या भुरीने त्यांना दाद देणं बंद केलं. असा फुगवटा असलेल्या बुरशीवर मात्रा दुप्पट करून काही होत नाही. फक्त रेसिड्यू, म्हणजे मालात उरलेला औषधाचा अंश, वाढतो आणि निर्यातीचा माल परत येतो.

तुमचा दुसरा फवारा का फसला ते आता कळेल. फॅमोक्साडोन दिसायला वेगळं, कंपनी वेगळी, पण खोबण तीच. फेनामिडोनचंही तसंच. बुरशीनाशकांचे ती कुठे चालतात त्यावरून क्रमांकाचे गट केलेले आहेत, आणि ही सगळी औषधं गट ११ मध्ये येतात. तुम्हाला जो जेमतेम फरक दिसला तो त्या मिश्रणातल्या सायमोक्सॅनिलचा. दुकानात नाव विचारू नका, गट विचारा. डब्याचं नाव बदललं म्हणजे औषध बदललं असं होत नाही, आणि दुकानदाराला हे माहीत नसेल तर त्याने ते शिकून घ्यावं, त्याचा धंदा आहे तो. सायझोफॅमिड याच तिसऱ्या कॉम्प्लेक्सवर चालतं, पण आतल्या बाजूच्या दुसऱ्या खोबणीत; ते गट २१. डायमेथोमॉर्फ, मॅंडिप्रोपॅमिड गट ४०, त्यांचा मायटोकॉन्ड्रियाशी संबंधच नाही, ती पेशीभित्तिकेवर चालतात. कोणतं, कधी आणि काढणीआधी किती दिवस, हे पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या चालू हंगामाच्या यादीत बघूनच ठरवा.

आणखी एक. सायटोक्रोम बी तुमच्या-माझ्या पेशीतही आहे आणि शेततळ्यातल्या माशांच्याही. आपण ही औषधं यकृतात लवकर मोडतो, मासे तितक्या सहज मोडत नाहीत. फवारणीचा पंप तळ्यात किंवा ओढ्यात धुऊ नका.

सातारा, सेवानिवृत्त वाचक: कोलेस्टेरॉलच्या गोळीबरोबर क्यू-१० घ्यावं का? पाय दुखतात.

वर बागेत भेटलेलं युबिक्विनोन तेच हे क्यू-१०. स्टॅटिन, म्हणजे तुमची कोलेस्टेरॉलची गोळी, ज्या वाटेवर कोलेस्टेरॉल अडवतं, त्याच वाटेवर शरीर क्यू-१० ही बनवतं, त्यामुळे रक्तातलं प्रमाण कमी होतं हे खरं. पण गोळ्या घेऊन पायदुखी थांबते का, यावर चाचण्यांचं एकमत नाही. पायदुखी डॉक्टरांना सांगा, ते गोळी किंवा मात्रा बदलतील. स्वतःहून स्टॅटिन बंद करू नका.

सांगली, विश्रामबाग, गृहिणी: कार्डिओलिपिनच्या शेपट्या लिनोलेइक आम्लाच्या असतात असं तुम्ही लिहिलं होतं. करडईच्या तेलात ते भरपूर असतं. मग घाण्याचं करडई तेल खाल्लं तर मायटोकॉन्ड्रिया तगडे होतील का?

तर्क सुरेख आहे, निष्कर्ष तेवढा नाही. हृदयाच्या कार्डिओलिपिनमधल्या बहुतेक रेणूंच्या चारही शेपट्या लिनोलेइक आम्लाच्या असतात, आणि हे आम्ल आपलं शरीर बनवू शकत नाही, ते खाण्यातूनच येतं. जुन्या वाणांच्या करडई तेलात ते ७० ते ७५ टक्के असतं, शेंगदाणा तेलात साधारण ३० टक्के, खोबरेलात जेमतेम २ टक्के. (करडईचे नवे काही वाण ओलेइक जास्त आणि लिनोलेइक कमी असलेले आहेत, तेव्हा करडई म्हटलं की लिनोलेइक असंही आता म्हणता येत नाही.)

पण पेशी ताटात आलेलं तेल जसंच्या तसं पटलात भरत नाही. कार्डिओलिपिन आधी मिळतील त्या शेपट्या लावून बनतं. मग त्यातली एकेक शेपटी काढली जाते आणि टॅफॅझिन नावाचं प्रथिन शेजारच्या लिपिडाकडून लिनोलेइक उचलून तिथे लावतं. हे प्रथिन निवडक आहे. साध्या आहारातही त्याला हवं ते सापडतं. कमतरता टाळायला एकूण उष्मांकाच्या साधारण २ टक्के लिनोलेइक पुरतं, म्हणजे २००० किलोकॅलरी खाणाऱ्याला दिवसाला साडेचार ग्रॅमच्या आसपास. एक मोठा चमचा करडई तेलात याच्या दुपटीने येतं. आपल्याकडे शेंगदाण्याचं तेल, कूट, चटणी खाणाऱ्या घरात कमतरता होणं अवघड आहे. करडई आवडते म्हणून खा, भाकरीबरोबर छानच लागते. मायटोकॉन्ड्रियासाठी वाढवून खायची गरज नाही.

कराड, एक मावशी: बहिणीच्या पाच वर्षांच्या मुलाचं हृदय मोठं आणि कमजोर आहे, सारखा आजारी पडतो. जनुक तपासणीत टॅफॅझिनमध्ये दोष निघाला. मुलगी धडधाकट आहे. हे काय आहे, आणि औषध आहे का?

याला बार्थ सिंड्रोम म्हणतात. नेदरलँड्सच्या पीटर बार्थ यांनी १९८३ मध्ये एका कुटुंबातल्या मुलग्यांवरून तो सविस्तर मांडला. वरच्या उत्तरातलं शेपट्या बदलणारं प्रथिन या मुलांत नीट काम करत नाही. त्यामुळे कार्डिओलिपिन कमी पडतं आणि तीन शेपट्यांचं अर्धवट कार्डिओलिपिन साठतं. या दोघांचं गुणोत्तर रक्तातून मोजता येतं, निदान पक्कं करायला ते उपयोगी पडतं. हृदय आणि स्नायू अशक्त होतात. सारखा आजारी पडतो म्हणता, त्याचं कारण बहुधा न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी कमी असणं. म्हणून या मुलाला ताप आला तर घरी पॅरासिटॅमॉल देऊन वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना.

हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलाकडे एकच एक्स, म्हणून दोष उघडा पडतो. मुलीकडे दुसरा एक्स सांभाळून घेतो. तुमच्या बहिणीने आणि तुम्हीही, जर मुलं व्हायची असतील तर, वाहक तपासणीबद्दल जनुक सल्लागाराशी बोला. दोष बहिणीचा नाही, हे घरात एकदा मोठ्याने कुणीतरी बोलायला हवं.

औषधाबद्दल: सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एलामिप्रेटाइड या इंजेक्शनाला बार्थ सिंड्रोमसाठी त्वरित स्वरूपाची मंजुरी दिली. चार अमिनो आम्लांचा हा छोटा रेणू आतल्या पटलात जाऊन थेट कार्डिओलिपिनला चिकटतो. मंजुरी स्नायूंची ताकद वाढल्याच्या पुराव्यावर आहे, आणि किमान ३० किलो वजनाच्या रुग्णांसाठी आहे. पाच वर्षांचं मूल त्यात बसत नाही. सध्या तुमच्या भाच्याची भिस्त हृदयाच्या नेहमीच्या औषधांवर आणि संसर्ग टाळण्यावर.

विटा, एका रुग्णाची मुलगी: आईच्या स्तनाच्या कर्करोगावर लाल रंगाचं इंजेक्शन चालू आहे. कर्करोग छातीत, मग हृदयाची टू-डी इको मध्येमध्ये का?

लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन. त्याच्या एका टोकाला धन प्रभार असतो आणि बाकीचं अंग चपटं; कार्डिओलिपिनला चिकटायला याहून सोयीचा आकार नाही. हृदयाच्या पेशी मायटोकॉन्ड्रियांनी खच्चून भरलेल्या असतात, त्यामुळे हे औषध तिथे रेंगाळतं आणि श्वसनसाखळीतून इलेक्ट्रॉन पळवून घातक ऑक्सिजन रेणू तयार करतं. हे एकच कारण नाही. टोपोआयसोमरेज-२-बीटा हे डीएनएवर काम करणारं प्रथिन काढून टाकलेल्या उंदरांची हृदयं या औषधातून बरीच वाचली, असं २०१२ मध्ये दिसलं. आणि अनेक अभ्यासक आता त्यालाच मुख्य दोषी मानतात. दोन्ही वाटा एकत्र चालत असाव्यात असं माझं मत आहे.

त्रास एकूण साठलेल्या मात्रेवर अवलंबून असतो. म्हणूनच आयुष्यभरात शरीराच्या दर चौरस मीटरला ४५० ते ५५० मिलिग्रॅमच्या पुढे सहसा जात नाहीत, आणि इकोमध्ये हृदयाची पंप करण्याची टक्केवारी बघत राहतात. ती इको चुकवू नका. पण हे वाचून घाबरून इंजेक्शन पुढेही ढकलू नका. आईचा कर्करोग याच औषधाने मागे हटतो आहे. पाय सुजले, सपाट जागेवर चालताना दम लागला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा.

सातारा, हिल मॅरेथॉन पळणारा वाचक: पळण्याने मायटोकॉन्ड्रिया वाढतात हे माहीत आहे. पटलही बदलतं का?

बदलतं. हॉलोझी यांनी १९६७ मध्ये पळवलेल्या उंदरांच्या स्नायूंत मायटोकॉन्ड्रियाची क्षमता वाढते हे दाखवलं. २०१७ मध्ये दिसलं की दीर्घकाळ सराव केलेल्या खेळाडूंत आतल्या पटलाच्या घड्याही दाट असतात. तेवढ्याच मायटोकॉन्ड्रियात जास्त पटल. इथे प्रथिन चरबीला वळण लावतं. एटीपी सिंथेज जोडीजोडीने बसतं, जोडीतली दोन यंत्रं एकमेकांशी जवळपास काटकोन करतात, आणि अशा जोड्यांच्या रांगा पटलाला तीव्र वाकवून घडीची धार तयार करतात. त्या वाकलेल्या कडेला कार्डिओलिपिन सोयीचं पडतं, कारण त्याचं डोकं लहान आणि शेपट्यांचा पसारा मोठा. यवतेश्वरचा घाट चढताना हे आठवून पाय हलके होणार नाहीत, पण सराव कुठे मुरतो ते कळेल.

सांगली मार्केट यार्ड, हळदीचे व्यापारी: एका कंपनीचं कर्क्युमिनचं कॅप्सूल "मायटोकॉन्ड्रियाचं पटल दुरुस्त करतं" म्हणून विकलं जातं. आम्ही हळदीतलेच, विश्वास ठेवायचा का?

तुमच्या धंद्याला बोट न लावता सांगते: नाही.

कर्क्युमिन प्रयोगशाळेत शेकडो प्रथिनांवर "परिणाम करतं". एकमेकांशी काही नातं नसलेल्या इतक्या प्रथिनांवर एकच रेणू कसा चालेल, हा प्रश्न आधी पडायला हवा होता. २०१४ मध्ये काही अभ्यासकांनी तो सरळ तपासला. त्यांनी ग्रॅमिसिडिन हे साधं छिद्र करणारं पेप्टाइड कृत्रिम पटलात ठेवलं. त्याचे दोन अर्धे भाग पटलाच्या दोन बाजूंनी येऊन जुळले तरच छिद्र तयार होतं, आणि त्यासाठी पटलाला थोडं दबावं लागतं. कर्क्युमिन, मिरचीतलं कॅप्सेसिन, द्राक्षाच्या सालीतलं रेझव्हेराट्रॉल, असे पदार्थ घातले की ही जुळणी बदलत होती. कारण हे पदार्थ पटलाच्या चरबीत घुसून तिचा ताठपणाच बदलत होते. आणि चरबी बदलली की तिच्यात बसलेली प्रथिनं, कोणतीही असोत, वेगळी वागतात. म्हणजे कर्क्युमिन प्रत्येक प्रथिनाला जाऊन भेटत नव्हतं, ते सगळ्यांच्या पायाखालची जमीन हलवत होतं. याला दुरुस्ती म्हणत नाहीत.

शिवाय ते प्रयोग ज्या प्रमाणात केले जातात, तेवढं कर्क्युमिन हळद खाऊन रक्तात पोहोचतच नाही. हळदीत ते मुळात ३ टक्क्यांच्या आसपास, पोटातून शोषलं जातं अगदी थोडं, आणि यकृत लगेच त्याची विल्हेवाट लावतं. २०१७ मध्ये कर्क्युमिनवरच्या शंभरावर वैद्यकीय चाचण्यांचा आढावा निघाला. त्यात नीट अंध पद्धतीने केलेली एकही चाचणी यशस्वी ठरलेली नव्हती.

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते रंगाच्या, वासाच्या आणि हरिपूरच्या पेवांत साठवण्याच्या परंपरेच्या जोरावर. तिला मायटोकॉन्ड्रियाचं शिफारसपत्र लागत नाही. आमटीत, भाजीत, लोणच्यात खुशाल वापरा आणि विका. कॅप्सूलची गोष्ट वेगळी. शोषण वाढावं म्हणून त्यात मिरीचा अर्क किंवा दुसरी युक्ती वापरतात, आणि अशी कॅप्सूलं घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. कुणी गिऱ्हाईक किंवा घरातलं माणूस ती घेत असेल आणि लघवी गडद व्हायला लागली, अन्नावरची वासना गेली किंवा डोळे पिवळे दिसले, तर कॅप्सूल त्याच दिवशी बंद करून यकृताची तपासणी करून घ्यायला सांगा. डबी बरोबर न्यायला विसरू नका, डॉक्टरांना तिच्यावरची यादी लागेल.